वेस्पाचा आकार कोणाच्या मालकीचा?

खंबाटकी घाटात, ऐन पावसात, आमच्या चेतकचं पुढचं चाक पंक्चर झालं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांनी स्कूटर कडेला घेतली, मला फूटबोर्डवरून उतरवलं, आईच्या हातातली पिशवी दगडावर ठेवायला लावली. स्कूटर स्टँडवर चढवून त्यांनी आईला मागची सीट जोर लावून दाबून धरायला सांगितली. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेलं. मग पान्याने नट सैल केले, चाक बाजूला ओढलं आणि ते सरळ हातात आलं. स्टेपनी त्याच जागी बसली. वीसेक मिनिटांत आम्ही पुन्हा चढाला लागलो. वाटेत एक मोटरसायकलवाला असाच अडकलेला दिसला. त्याचं चाक दोन्ही बाजूंनी पकडलेलं, मधला दांडा उपसल्याशिवाय ते निघणार नव्हतं, आणि जवळ दुसरं चाकही नव्हतं. त्या वयात मला एवढंच वाटलं की आपली गाडी शहाणी आहे.

हे शहाणपण कुठून आलं ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली. ते चाक एकाच बाजूने का धरलेलं आहे? चेतकचा आकार आला इटलीतल्या वेस्पा या स्कूटरवरून, आणि ज्याने ती वेस्पा आखली, तो विमानांचा इंजिनिअर होता. विमानाचं चाक जसं एका दांड्यावर तोललेलं असतं, तसं त्याने स्कूटरचं केलं. त्याचं नाव कोर्रादीनो दास्कानिओ. इटलीतल्या पोपोली गावात १८९१ साली जन्मलेला हा माणूस. त्याचं सगळं आयुष्य हेलिकॉप्टरच्या नादात गेलं. १९३० साली रोमजवळच्या चांपीनो विमानतळावर त्याचं हेलिकॉप्टर जमिनीपासून १८ मीटर उंच गेलं आणि ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं. त्या काळी हा जागतिक विक्रम होता. ज्या पुण्यात त्याच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या लाखो गाड्या तयार झाल्या, त्या पुण्यात हे नाव किती जणांनी ऐकलं असेल? मला याची खरोखर खंत वाटते, आणि या लेखाचं निम्मं कारण तेच आहे.

उरलेलं निम्मं कारण एका न्यायालयाच्या निकालात आहे. २०१७ साली इटलीतल्या तुरिनच्या न्यायालयाने ठरवलं की वेस्पाचा आकार ही कलाकृती आहे. नुसती छान दिसणारी वस्तू नव्हे, तर कायद्याच्या अर्थाने कलाकृती, कादंबरीला किंवा शिल्पाला मिळतं तसं कॉपीराइटचं संरक्षण मिळणारी. एका चिनी कंपनीची स्कूटर वेस्पासारखी दिसते, यावरून तो वाद उभा राहिला होता. पुढे २०१९ साली वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तिकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. दास्कानिओ १९८१ साली वारला. म्हणजे १९४६ साली आखलेल्या एका वाहनाच्या आकारावरची मालकी २०५१ सालापर्यंत चालणार. एकशेपाच वर्षं.

वेस्पा ही कला आहे, हे मला मनापासून मान्य आहे. तिच्या आकारावर शंभर वर्षं कुणाचा तरी ताबा असावा, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. उलट, ती कला का आहे हे नीट समजून घेतलं की तिच्यावर एवढा लांब ताबा का नको, हेही आपोआप उलगडतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा, पुढे वेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचा इटलीतल्या पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला होता. विमानं बनवायचे दिवस संपले होते, हजारो कामगार रिकामे होते, रस्ते फुटलेले होते आणि लोकांकडे मोटार घ्यायला पैसा नव्हता. कंपनीचा प्रमुख एनरिको पियाजिओ याला स्वस्त, साधं, सगळ्यांना चालवता येईल असं वाहन हवं होतं. कंपनीतल्या इंजिनिअरांनी आधी एक नमुना तयार केला होता. त्याला गमतीने ‘पापेरीनो’ म्हणत. डोनाल्ड डकचं हे इटालियन नाव. त्या गाडीच्या मधोमध उंचवटा होता, त्यावरून पाय टाकूनच बसावं लागे. पियाजिओला ती पसंत पडली नाही. मग काम दास्कानिओकडे आलं.

आणि दास्कानिओला मोटरसायकल आवडत नसे. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच आहे. मोटरसायकलवर जीव असलेल्या माणसाने आणखी एक सुधारलेली मोटरसायकल केली असती. याने मोटरसायकलच्या तक्रारींची यादी केली आणि एकेक तक्रार मोडीत काढली. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, म्हणून साखळीच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. इंजिनाची उष्णता आणि घाण अंगावर येते, म्हणून ते पत्र्याच्या आवरणात झाकलं. पंक्चर काढताना हाल होतात, म्हणून चाक एका बाजूने धरलं. गिअर पायात असला की बूट खराब होतात आणि शहरातल्या गर्दीत तारांबळ उडते, म्हणून तो डाव्या मुठीत आणला. घोड्यावर टांग टाकावी तसं बसावं लागतं, म्हणून मधली जागा मोकळी ठेवली आणि माणसाला खुर्चीत बसवलं. त्या मोकळ्या जागेमुळे स्कर्ट घातलेली बाई आणि पायघोळ झगा घातलेला पाद्री, दोघंही सहज बसू शकले.

वेगळा सांगाडाही त्याने ठेवला नाही. विमानात जसं बाहेरचं आवरणच भार पेलतं, तसं इथे दाबून घडवलेला पत्रा हाच सांगाडा झाला. म्हणूनच वेस्पाच्या अंगावर नळ्या दिसत नाहीत, सांधे दिसत नाहीत. पुढच्या पत्र्यापासून निघालेली रेघ फूटबोर्डवरून वळून सीटखाली चढते आणि मागे फुगून उतरते. लहान मूलही ती रेघ पेन्सिल न उचलता काढू शकतं. मागची बाजू भरीव, कंबर बारीक. ते पाहून एनरिको पियाजिओ ‘ही तर गांधीलमाशी दिसते’ म्हणाला आणि तेच नाव पडलं, असं सांगतात. इटालियनमध्ये वेस्पा म्हणजे गांधीलमाशी.

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये या गाडीचं पेटंट दाखल झालं. त्या अर्जाच्या मथळ्यात सौंदर्याबद्दल एक शब्द नाही. ‘अवयवांची आणि भागांची तर्कशुद्ध जुळणी असलेली, मडगार्ड व सगळं यंत्र झाकणाऱ्या आवरणासह एकत्र सांगाडा असलेली मोटरसायकल’ अशा अर्थाचा तो लांबलचक मथळा आहे. तर्कशुद्ध हा शब्द त्यात आहे. सुंदर हा नाही.

आता तुरिनच्या न्यायालयात कशावर बोट ठेवलं गेलं ते पाहा. वेस्पाची ओळख म्हणून तीन खुणा सांगितल्या गेल्या: पुढच्या पत्र्याचा बाणासारखा आकार, सीट आणि पुढचा पत्रा यांच्यामधला, ओमेगा (Ω) हे ग्रीक अक्षर उलटं करावं तसा मोकळा भाग, आणि सीटखालून मागच्या फुगीर बाजूकडे जाताना होणारी फुलीसारखी ठेवण. मी हे वाचलं आणि थबकलो. बाण म्हणजे काय? चिखल आणि वारा अंगावर येऊ नये म्हणून लावलेला पत्रा. ओमेगा म्हणजे काय? पाय न उचलता आत येता यावं म्हणून सोडलेली जागा. आमच्या घरी त्या ओमेगात मी उभा राहत असे, दोन्ही हातांनी पुढची डिकी धरून. मी मोठा झाल्यावर तिथे गॅसचा सिलिंडर आला, गणपतीच्या दिवसांत पाटावरची मूर्ती आली, दिवाळीला किराणाची पोती आली. ज्यांनी ही गाडी रोज वापरली त्यांच्यासाठी तो ओमेगा कधीच नव्हता. ती ठेवायची जागा होती.

गरजेतून आलेल्या वस्तूला कला म्हणू नये, असं मी म्हणत नाही. उलट, मला तर ही कलेची सर्वांत अवघड जात वाटते. चित्रकाराला नको असलेली रेघ पुसता येते. दास्कानिओला नको असलेलं इंजिन पुसता येत नव्हतं. त्याला ते कुठेतरी ठेवायचंच होतं, थंडही ठेवायचं होतं, दुरुस्तीसाठी हाताशीही ठेवायचं होतं, आणि तरीही गाडी तोलात राहायला हवी होती. एवढी बंधनं पाळून रेघ सुटसुटीत राहिली, हे कौशल्य आपल्या जात्याच्या, पाटा-वरवंट्याच्या, कोल्हापुरी चपलेच्या जातकुळीतलं आहे. उपयोगाच्या आड न येणारं सौंदर्य.

आणि कलावंतांनी ते ओळखलंही. १९६२ साली माद्रिदहून दोन विद्यार्थी वेस्पावरून निघाले आणि कादाकेस गावी चित्रकार साल्वादोर दालीला भेटले. दालीने त्यांच्या स्कूटरवर आपली सही केली आणि बायको गाला हिचं नाव रंगवलं. ती गाडी आज पोंतेदेराच्या पियाजिओ संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५५ सालची एक वेस्पा आपल्या संग्रहात ठेवली. १९५३ साली ‘रोमन हॉलिडे’मध्ये ऑड्रे हेपबर्न रोमच्या रस्त्यांवरून वेस्पा चालवते, आणि त्या दृश्यानंतर जगाच्या मनात वेस्पा आणि रोम वेगळे राहिलेच नाहीत. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या स्वतःला ‘मॉड’ म्हणवणाऱ्या तरुणांनी वेस्पा आणि लाम्ब्रेट्टा या स्कूटरांवर डझनावारी आरसे आणि दिवे लावून त्यांचं फिरतं शिल्पच करून टाकलं.

ही सगळी उदाहरणं वेस्पा कला असल्याचा पुरावा म्हणून दिली जातात. न्यायालयांनीही असेच पुरावे मानले: संग्रहालयांनी तिला जागा दिली, प्रदर्शनांत ती मांडली गेली, चित्रपटांत ती आली. २०२३ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने वेस्पाच्या त्रिमितीय ट्रेडमार्कच्या, म्हणजे गाडीचा घाटच खूण म्हणून नोंदवण्याच्या, वादात पियाजिओच्या बाजूने कौल दिला, तेव्हाही संग्रहालय, चित्रपट आणि देशोदेशीचे वेस्पा क्लब यांचा विचार झाला.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. दालीची सही कंपनीने करवून घेतली नव्हती. आरसे कंपनीने लावले नव्हते. क्लब लोकांनी काढले. रविवारी सकाळी एकत्र जमून, पदरचं पेट्रोल जाळून, गाड्या पुसून-पासून घाट चढायला निघणारी माणसं म्हणजे हे क्लब. त्या गाडीला अर्थ दिला तो या माणसांनी. आणि त्याच अर्थाचा पुरावा देऊन त्या आकारावरची कंपनीची मालकी लांबवली जाते. म्हणजे लोकांनी जितकं प्रेम करावं तितकं कुंपण उंच व्हावं. मला हा हिशेब उफराटा वाटतो. गावाने पिढ्यानपिढ्या पालखी नाचवली म्हणून कुणी पालखीच्या सुताराच्या मालकाला वाटेचा ताबा देत नाही.

सुताराच्या मालकाला, हे मुद्दाम लिहिलं. कॉपीराइटची मुदत दास्कानिओच्या आयुष्यावरून मोजली जाते, पण हक्क कंपनीकडे आहे. तो गेल्यानंतर ७० वर्षं जो फायदा होईल, तो त्याच्या कल्पनेचा आहे खरा, पण त्याचा नाही. बरं, त्याने गाडी आखली तेव्हाच्या इटालियन कायद्यात उपयोगाच्या वस्तूला असं संरक्षण जवळजवळ मिळतच नसे. आकार वस्तूपासून वेगळा काढता आला तरच तो कला, अशी अट होती. ती अट २००१ साली गेली आणि ‘सर्जनशील आणि कलात्मक मूल्य’ असलेल्या औद्योगिक रचनांना कॉपीराइट लागू झाला. वेस्पा तेव्हा ५५ वर्षांची होती. पेटंटची मुदत कधीच संपलेली होती. जे सगळ्यांचं झालं होतं ते मागाहून पुन्हा एकाचं करण्यात आलं.

आपल्या देशात या बाबतीत वेगळं धोरण आहे, आणि मला ते अधिक शहाणपणाचं वाटतं. आपल्या डिझाइन कायद्याप्रमाणे वस्तूच्या आकाराची नोंदणी केली तर दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच, अशी पंधरा वर्षं संरक्षण मिळतं. १९५७चा कॉपीराइट कायदा पुढे असंही सांगतो की नोंदणीजोगी रचना नोंदवली नाही आणि कारखान्यात तिच्या पन्नासहून अधिक प्रती निघाल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे चित्र म्हणून काढलंस तर ते चित्र, पण कारखान्यात ओतून बाजारात विकलंस तर बाजाराचे नियम. पंधरा वर्षांत कल्पनेचे कष्ट फेडून घ्या, त्यानंतर ती समाजाची. या कायद्याला कुणी मागासलेला म्हणतं, युरोपसारखं आपणही पुढे जावं म्हणतं, तेव्हा मला पुण्याचा रस्ता आठवतो.

त्या रस्त्यावर एकेकाळी काय होतं? बजाज स्कूटर होती. १९६० सालच्या आसपास बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याखाली आकुर्डीला स्कूटर आणि तीनचाकी बनवायला सुरुवात केली. १९७१ साली परवाना संपला, नवा मिळाला नाही, आणि १९७२ साली तीच गाडी चेतक या नावाने आली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव, आणि अंग वेस्पा स्प्रिंटचं. तिच्याशेजारी धावणारी ऑटोरिक्षा आली ती पियाजिओच्या ‘आपे’वरून. आपे म्हणजे मधमाशी. १९४८ साली त्याच दास्कानिओच्या कल्पनेतून वेस्पाला मागे दोन चाकं आणि एक हौदा जोडून ती निघाली. आणि कॉलेजच्या मुली, शिक्षिका, बँकेतल्या बाया ज्या लुनावरून जात, तीही पियाजिओच्या ‘चाओ’ मोपेडवर बेतलेली, परवान्याने आणलेली. चेतक, रिक्षा, लुना. पुण्यातल्या मध्यमवर्गाने तीस-चाळीस वर्षं ज्या तीन वाहनांवर संसार ओढला, त्या तिन्हींचं गोत्र एकच, आर्नो खोऱ्यातलं पोंतेदेरा.

पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बजाजच्या स्कूटर परदेशी जाऊ लागल्या तेव्हा पियाजिओने अमेरिकेत आणि युरोपात दावे लावले. त्या निर्यातीला मोठी खीळ बसली. इथे आपल्याकडच्या चर्चेत हमखास दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतं, चेतक ही सरळ नक्कल होती, त्यात अभिमान कसला? दुसरं म्हणतं, चेतक आपली, शंभर टक्के भारतीय, इटलीचा संबंधच काय? दोन्ही मला पटत नाहीत.

नक्कल म्हणणाऱ्यांनी आकुर्डीत काय झालं ते बघावं. परवाना रीतसर घेतला होता, मोबदला दिला होता, आणि त्या वर्षांत इथल्या कामगारांनी दाबयंत्रावर पत्रा कसा वळवायचा, साचे कसे करायचे, इंजिनाचा भाग न भाग देशात कसा घडवायचा हे आत्मसात केलं. हे शिक्षण परवाना संपला म्हणून परत करता येत नाही. परवाना संपल्यावर जर आकारच आणखी ऐंशी वर्षं बंद राहिला असता, तर सगळे साचे भंगारात घालून नवा आकार शोधत बसावं लागलं असतं. ज्या देशात स्कूटरसाठी नंबर लावून आठ-दहा वर्षं वाट पाहावी लागे, त्या देशात त्याची किंमत कुणी मोजली असती? ज्याच्या घरी लेकीच्या लग्नाच्या आधी नंबर लागला नाही त्याने. आणि नक्कल फक्त आपणच केली असंही नाही. सोव्हिएत संघाने १९५७ सालापासून ‘व्यात्का’ काढली, ती तर परवाना वगैरे न घेता वेस्पाची हुबेहूब प्रत होती. परवाना घेऊन शिकणं आणि न विचारता उचलणं यांत फरक करायला हवा.

शंभर टक्के आपली म्हणणाऱ्यांना मात्र मी अधिक कडक शब्दांत सांगेन. ज्याच्या कल्पनेवर आपण पोट भरलं, त्याचं नाव न घेणं हा कृतघ्नपणा आहे. आपल्याकडे चेतकच्या जाहिरातीची आठवण निघते, गाणं निघतं, डोळे ओले होतात. ते खरंच आहे, माझेही होतात. पण त्या आठवणींत दास्कानिओ कुठेच नसतो. श्रेयाला मुदत नसते, मालकीला असावी. आपण नेमकं उलटं करतो: मालकीच्या बाबतीत बिनधास्त आणि श्रेयाच्या बाबतीत विसराळू. युरोपची न्यायालयंही उलटंच करताहेत: मालकी शंभर वर्षांची, आणि ज्याचं नाव लावून ती मोजली जाते त्याचं चरित्र शोरूममधल्या कुणालाही माहीत नाही.

संरक्षण अजिबात नको असं माझं म्हणणं नाही, हे इथे स्पष्ट करतो. नवी रचना करणाऱ्याला दम घ्यायला वेळ हवा. पैसे घालून, वर्षानुवर्षं राबून कुणी काही नवं काढलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याने ते स्वस्तात काढलं, तर उद्या कुणी राबणार नाही. आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, हेही बरोबर. दुसऱ्या कंपनीने आपल्या गाडीवर वेस्पा हे नाव लावलं तर तो गुन्हाच. नाव, चिन्ह, अक्षरांची ठेवण, हे जपायला ट्रेडमार्क आहे, आणि तो खुशाल जपावा. पण चिखल अडवणारा पत्रा आणि पाय आत घेण्याची जागा ही खूण म्हणून कायमची राखून ठेवली, तर उद्या स्कूटर आखणारा पोरगा पहिली रेघ कुठे मारणार? एखाद्या प्रश्नाचं सर्वांत सुटसुटीत उत्तर एकाने आधी शोधलं, म्हणून बाकीच्यांनी मुद्दाम वाकडं उत्तर द्यायचं?

याला एक उत्तर मिळतं आणि ते वजनदार आहे, म्हणून ते टाळत नाही. म्हणतात, आजच्या वेस्पाला त्या आकाराची गरज उरलेली नाही. गिअर गेले, मुठीत फक्त वेग राहिला. इंजिन बदललं. मागचे दोन्ही गाल तेवढेच फुगीर ठेवण्याचं तांत्रिक कारण आता फारसं नाही. म्हणजे आज तो आकार ही निव्वळ आठवण आहे, शैली आहे, आणि शैलीचं संरक्षण करायला काय हरकत? या युक्तिवादात तथ्य आहे. २०२० साली रस्त्यावर आलेली विजेवरची चेतक बघा. तिच्यात साधं इंजिनही नाही, तरी तिचे गाल गोलच आहेत, अंग पत्र्याचंच आहे, कारण घेणाऱ्याला तिच्यात जुनी चेतक दिसायला हवी. आठवण विकली जाते आहे. पण मग ती आठवण कोणाची? ज्यांनी ती गाडी तिरकी करून किक मारली, पॉलिश पेपरने प्लग घासला, क्लचची वायर तुटल्यावर तशीच घरी आणली, त्यांचीच ना? गरज संपल्यावर मागे राहिलेली शैली तर आणखीच सगळ्यांची.

या वाटेने गेलं की काय होतं, त्याचा एक नमुना पुण्यानेच पाहिला आहे. २०१६ साली अर्मानी या इटालियन फॅशन-कंपनीच्या नावाची एक वेस्पा भारतात विकायला आली. किंमत बारा लाखांच्या वर. फाटक्या खिशाच्या, मोडलेल्या रस्त्यांच्या इटलीसाठी जन्मलेली गाडी ती हीच का, असं मला वाटलं. महाग वस्तू बनवू नये असं नाही. ज्याला परवडतं त्याने घ्यावी, नीट सांभाळावी. पण एकदा ‘ही कलाकृती आहे’ असं ठरलं की वस्तू हळूहळू काचेआड सरकते, आणि जिच्यासाठी ती केली तो माणूस काचेबाहेर राहतो. त्याच वेळी, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर बारामतीला, पियाजिओच्याच कारखान्यात मालवाहू आपे बनत होत्या. त्या आपेत पहाटे तीनला मेथीच्या जुड्या भरून शेतकरी मार्केट यार्डात येतो. मला विचाराल तर दास्कानिओची कला त्या मेथीच्या गाडीत जास्त शाबूत आहे.

मग करायचं काय? कायद्याच्या बाजूने, आपली पंधरा वर्षांची मुदत आपण सोडू नये. परदेशांशी व्यापाराचे करार करताना तिकडचे लांबलचक हक्क मान्य करण्याचा आग्रह होतो तेव्हा आपल्या लोकांनी या मुद्द्यावर ठाम राहावं. आणि आपल्या बाजूने, पुण्यात वाहनांच्या रचनेचं एक दालन असावं, ज्यात चेतक काचेआड नसेल. तिचा बाजूचा पत्रा काढलेला असेल, इंजिन उघडं दिसेल, आणि येणाऱ्या पोरांना पान्याने चाक काढून पुन्हा बसवता येईल. शाळेतली मुलगी ते चाक एका बाजूला ओढून काढेल तेव्हा तिला कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल की रचना म्हणजे काय. शेजारच्या पाटीवर पहिली ओळ असावी: कोर्रादीनो दास्कानिओ, पोंतेदेरा, १९४६. दुसरी: आकुर्डी, पुणे.

वडिलांची चेतक मी अजून ठेवली आहे. तिचं काम आमच्या पेठेतले एक मिस्त्री करतात. साठी उलटून गेली आहे त्यांची, चौदाव्या वर्षापासून स्कूटरच उघडताहेत. पत्र्याला पोचा आला तर ते आतून लाकडी ठोकळा लावून, बाहेरून तळहात फिरवत फिरवत ठोकतात. डोळे मिटून. गोलाई कुठे तुटली ते हाताला लागतं, म्हणतात. गेल्या पावसाळ्यात पुढचा ब्रेक बघायला म्हणून त्यांनी चाक उतरवलं, आणि मी त्यांना विचारलं की हे चाक असं एका हातावर का, ठाऊक आहे का. ते म्हणाले, ‘बजाजवाल्यांनी केलं असेल सोयीसाठी.’ मग मी त्यांना विमानाच्या चाकाची गोष्ट सांगितली. हेलिकॉप्टर सांगितलं, बॉम्ब पडलेला कारखाना सांगितला, मोटरसायकल न आवडणारा माणूस सांगितला. त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. उघड्या हबकडे बघत ते बराच वेळ गप्प होते.

‘तरीच,’ ते म्हणाले. मग फडक्याला हात पुसले आणि ते नाव मला पुन्हा सांगायला लावलं. दोनदा.